पालथं जुळवलेलं नल-दमयंतीचं कोडं

पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये सुतार प्लायवूड कापू लागला, की भुशाच्या त्या गोडसर, जळकट वासासरशी मी चिरनेरच्या मांडवात, आमच्याच लग्नात जाऊन पोचतो.

रुखवतात लाडवांशेजारी फळीवर नल-दमयंतीचं चित्रकोडं मांडलं होतं, दोघांच्या मध्ये हंस. माझ्या नवरीने, मनीषाने, ते स्वतः रंगवून बारीक करवतीने कापलं होतं. तुकडे अठ्ठेचाळीस. कोन गावच्या माझ्या आत्याने नाक मुरडलं.

"पोरीनं केलेलं नाय हे. दुकानातलं हाय."

मनीषाच्या आईचा चेहरा उतरला. मुंडावळ्या सावरत मनीषा म्हणाली, "आत्या, तुम्हीच मोडा. आणि सगळे तुकडे पालथे करा."

"पालथे? मग चित्र कसं दिसल?"

"नको दिसायला. कापलंय मी."

तेव्हा वाटलं, हिने गप्प बसावं. आज कळतं, त्या दिवशी गप्प बसली असती तर जन्मभर बसावं लागलं असतं.

आत्याने कोडं मोडून तुकडे पालथे केले. मागून सगळे सारखेच, कोरं लाकूड. हिरव्या चुड्याचे हात फिरू लागले. ती कडेवरून बोट फिरवायची आणि तुकडा बसवायची. एकही परत उचलावा लागला नाही. माझं लक्ष होतं. शेवटी वरून दुसरी फळी दाबून तिने सगळं उलटं केलं. नल, हंस, दमयंती, अगदी सलग! मांडवात शिट्ट्या वाजल्या.

निघताना पोरं रुखवत टेम्पोत भरू लागली, तशी आत्या ओरडली, "त्या कोड्याला हात लावू नका रं! ते माझ्या मांडीवर येल. आमच्या सुनेनं केलंय."