प्रयागबाईंची गिऱ्हाइकी

मूळच्या उदगीरच्या प्रयागबाई दिलसुखनगरच्या मोठ्या दुकानात दिवसभर उभ्याने साड्या दाखवीत असत. बसायला स्टुले द्यावीत, ही युनियनची मागणी मालकांनी हसण्यावारी नेली. तेव्हा प्रयागबाईंसह दुकानातल्या पाचही विक्रेत्या बायकांनी एकाच दिवशी रीतसर रजा घेतली आणि गिऱ्हाईक होऊन गादीवर ऐसपैस बैठक मारली. गिऱ्हाइकाला उठवायचे नाही, हा मालकांचाच नियम. साड्या दाखवायला कोणीच नसल्याने बिचारे मालक स्वतः उभे राहिले.

“ही नक्को साब, ती वरची काढा,” प्रयागबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत मालकांचे गुडघे बोलू लागले. ते गादीवर मटकन बसले.

“अम्मा, उद्या स्टुले आणतो.”

“आजच आणा. मग ती जांभळी बसूनच दाखवा.”

पदरात तोंडे लपवून पाचही जणी हसत सुटल्या. मालकांनी स्टुलांसाठी फोन लावला.