बायकोच्या वाट्याची भिंत

आखातात उन्हाळ्यात नवरे एकटे पडतात. शाळांना सुट्टी लागली की बायका-मुलं भारतात जातात आणि आम्ही रास अल खैमाच्या भट्टीत आपापला कुकर लावत बसतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी सांगलीला गेल्या, वसईला गेल्या. माझी बायको मुलीला आजोळी सोडून इटलीला गेली आणि तिथे एका खड्ड्यात उतरली.

खड्डा नेपल्सजवळच्या एका प्राचीन गावातला. ज्वालामुखीने अख्खं गाडून टाकलेलं गाव. तिथे खणताना उभी भिंत उघडी पडते, तिच्यात राखेचे थर दिसतात. ते वाचायचे, मोजायचे, नमुने काढायचे, असं काम. पुण्यातल्या आमच्या जुन्या सरांनी तिथल्या एका प्राध्यापकाला तिचं नाव सुचवलं होतं. माझं नाही. आम्ही दोघंही त्यांचेच विद्यार्थी, भूशास्त्राच्या एकाच वर्गातले, सह्याद्रीच्या लाव्हावर हातोड्या आपटता आपटता प्रेमात पडलेले. ज्वालामुखी हे माझं स्वप्न, असं मी तेव्हा वर्गभर हातवारे करून सांगत फिरायचो. ती काही बोलायची नाही. पुढे मला इथल्या सिमेंटच्या कारखान्यात चुनखडीच्या खाणीवर नोकरी लागली आणि ती शाळेत भूगोल शिकवू लागली. चुनखडी हा अतिशय सभ्य दगड आहे. पेटत नाही, फुटत नाही, कोणाला गाडत नाही.

बाई परत आल्या त्या रापून, दंडावर चटके घेऊन आणि भलत्याच खुशीत. बॅगेत चॉकलेटऐवजी राखेच्या पिशव्या. घरी तपासून पाठवायला रीतसर परवानगीने दिलेल्या. माझं डायनिंग टेबल गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो आणि ती घास हातात धरून सांगायची, "सगळ्यात खाली त्या लोकांच्या बागेची माती. तिच्यावर पांढरा प्युमिस, आपण टाचा घासतो ना, तो दगड. त्यावर करडा प्युमिस. आणि वर ही पिठासारखी राख."

"मम्मा, दॅट इज सो कूल!" मुलगी म्हणायची.

चुनखडीबद्दल तिने असं एकदाही म्हटलं नव्हतं.

मार्चमध्ये त्या प्राध्यापकाचा फॅक्स आला. यंदाही या. यंदा खड्ड्याची एक अख्खी भिंत तुमच्या एकटीच्या ताब्यात. व्हिसासाठी तिला माझं पत्र हवं होतं, कारण इथे ती माझ्या व्हिसावर. नवऱ्याची काही हरकत नाही, अशी एनओसी. पहिल्या वर्षी मी ती हसत हसत दिली होती. सहल समजून.

"कधी देतोस?" तिने विचारलं.

"इन्शाल्ला," मी म्हणालो. इथल्या ऑफिसात इन्शाल्ला म्हटलेलं काम कधी होतं, हे तिला नीट माहीत होतं. तिचं तोंड उतरलं. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

शुक्रवारी मित्रांच्या घोळक्यात ही बातमी फुटली आणि सगळ्यांना चेव आला.

"काय राव, इटालियन प्राध्यापक! पांढरा शर्ट, गॉगल, वाऱ्यावर केस!"

"वहिनींना थर दाखवतो की घर?"

"अरे, जळतोय बघा हा, वास येतोय!"

मीही कमी नाही. छातीवर हात आपटून सोफ्यावर कोसळलो. "एकदा समोर येऊ दे हबीबी! त्याच्याच ज्वालामुखीत लोटतो त्याला!" काय हशा पिकला! एका वहिनींनी तर मला जास्तीची पुरणपोळी वाढली. परपुरुषावर जळणाऱ्या नवऱ्याची लोक काळजी घेतात. बायकोच्या भिंतीवर जळणाऱ्याला कोण पोळी वाढेल?

घरी ती वैतागून म्हणाली, "अरे, त्यांना नातवंडं आहेत."

"असू देत. इटालियन आहेत."

असं नाटक आठवडाभर रंगलं. पुढच्या शुक्रवारी ती मुलीला घेऊन मासळी बाजारात गेली आणि मी टेबलाजवळ गेलो. एक पिशवी उघडली. चिमूटभर राख काळ्या कागदावर पसरली आणि भिंग लावलं. साबुदाणा! राखेचे इवले इवले गोल दाणे. उकळत्या ढगात ओल शिरली की राख राखेला चिकटून असे गोळे होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी खुर्ची ओढली. मोठे गोळे एकीकडे, लहान दुसरीकडे, फुटके तिसरीकडे. शीळ वाजवत होतो म्हणे. लॅच उघडल्याचं कळलंच नाही.

"म्हणजे त्या म्हाताऱ्यावर नाहीच," मागून आवाज आला. हातात सुरमईची पिशवी, डोळे बारीक.

"काय नाही?"

"जळत. तू माझ्यावर जळतोयस."

मी छातीवर हात नेला, पण हातात भिंग होतं. "तुझ्यावर नाही गं. भिंतीवर."

"ती माझी आहे."

आता ही विरघळेल, तूही चल म्हणेल, या आशेने मी चेहरा शक्य तेवढा केविलवाणा केला. ती वाकली, माझे तीन ढीग तिने नीट पाहिले.

"हे बरोबर केलंस. पुढची पिशवी घे. आणि मी जाणार आहे."

एवढं बोलून ती मासे धुवायला आत गेली. तिचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणून माझी पंचाईत झाली. ओरडली असती तर मला नाटकाचा आणखी एक अंक मिळाला असता.

शनिवारी मी ऑफिसात पत्र टाइप केलं. माझी पत्नी प्रवास करीत असून त्यास माझी कोणत्याही प्रकारची हरकत नाही. आयुष्यात याहून धडधडीत खोटं मी कधी लिहिलं नाही. खाली झोकात सही ठोकली.

तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "कोणत्याही प्रकारची?"

"घे ना आता. खलास."

जुलैत तिला दुबईच्या विमानतळावर सोडलं. मी काचेशी उभा राहून चांगले दोन्ही हात हलवले. तिचं लक्ष नव्हतं. हातोडी सामानातच गेली ना, की चुकून पर्समध्ये राहिली, ते ती चाचपून बघत होती.