सीटची उंची

जेसल पार्कच्या नाक्यावरचा सायकलवाला गिऱ्हाइकाची सायकल बघायच्या आधी त्याची चाल बघायचा. माझी ओळखही नव्हती, तेव्हा म्हणाला होता, "ताई, डावा पाय वाचवून चालताय."

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी घरीच सायकल चालवायला सांगितली, तेव्हा दुकानातली व्यायामाची सायकल घेण्याआधी मी त्यालाच ती बघायला सोबत नेलं. त्यानं सीट ओढून पाहिली. "घेऊ नका. ही वर जात नाय. गुडघा जास्त दुमडणार, अजून दुखणार."

मग त्यानं एका जुन्या लेडीज सायकलचं मागचं चाक लोखंडी स्टँडवर उचलून बसवलं आणि ती तीन मजले चढवून घरी आणली. मी पॅडल मारायला लागले, तसा तो फरशीवर बसून माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"दुखलं तर बोला, लाजायचं नाय."

मी संकोचानं तशीच पॅडल मारत राहिले. तरी त्यानं तीनदा मला उतरवून सीट वर केली. चौथ्यांदा पाय नुसता फिरत राहिला, कळ आलीच नाही.

दोन वर्षं मी डॉक्टरांना एक्स-रे दाखवत होते. माझा गुडघा वाकताना कुणी बसून बघितला, तो त्या दिवशीच.