वरळीच्या उधाणात माझा दिवा

वरळीची सहल घडली ती हरताळामुळे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. गिरगावातलं विजेच्या सामानाचं दुकान, जिथे मी कामाला होतो, ते बंद. आणि मी नुकताच पाण्यात पेटणारा टॉर्च बनवला होता! वरून सायकलच्या ट्यूबचं रबर, काचेभोवती मेण. लालबागच्या आमच्या चाळीत नळाच्या पाण्याने भरलेल्या पिंपात तो तळापासून लख्ख दिसला. मग काय, मी हवेतच.

बस बंद, म्हणून परळ, प्रभादेवी करत चालत गेलो. दीड तास धरा, आणि उन्हाआधी निघा. वाटेत एका इराण्याने अर्धं दार उघडून एका आण्यात चहा दिला.

कोळीवाड्यात माझा मित्र काशा राहायचा. त्याच्या होडीचा नांगर खडकात अडकला होता. तो माझा टॉर्च घेऊन बुडी मारणार होता. खूण ठरली: एकदा उजेड म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे वर ओढा.

"आज पुनव हाय," त्याची आई, हिरामावशी, कुरकुरली. "उधानाचं पानी गढूल. अष्टमीला या, भांगाला."

"आये, याला आजच सुट्टी हाय."

आम्ही तिघं होडीत चढलो आणि मावशीने त्याच्या कमरेला दोरी बांधली. टॉर्च असताना दोरी कशाला, म्हणून मी हसलोसुद्धा.

काशाने बुडी मारली. दोन हात खाली जातो न जातो तोच उजेड दिसेनासा झाला. नुसतं चहाच्या रंगाचं पाणी. मी वाकून डोळे फाडून बघत होतो, आणि मावशीच्या हातातल्या दोरीला हिसका बसला.

"वड रं!"

दोघांनी ओढलं. काशा वर आला, खोकत, पायात जुनं जाळं गुरफटलेलं. "दोनदा काय, धा वेळा दिवा मारला! झोपला व्हतास काय, मेल्या?"

त्याची शिवी ऐकून इतकं बरं वाटलं की मी होडीतच रडलो. माझ्या एका सुट्टीपायी तो गेला असता.

उधाणाला पाणी जोराने आत-बाहेर करतं, तळाचा गाळ उसळतो आणि उजेड त्यातच अडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीला, ओढ कमी, गाळ खाली बसतो. हे मावशीने परतीच्या वाटेवर सांगितलं. पिंपात कुठला आलाय गाळ!

अष्टमीला रजा काढून पुन्हा गेलो, यावेळी बसने. टॉर्च तोच, सेलही तेच, फक्त दोरी माझ्या हातात. दोन पुरुष खोलीवरून एकदा उजेड चमकला, मंद पण स्पष्ट. काशा ठीक होता. नांगरही सुटला.

"दिसला नं दिवा?" मावशी हसली. "मंग सोड आता दोरी."

मी सोडली नाही.

घरी ताट वाढताना आईने माझे तळवे पाहिले. दोरीचे लाल वळ उठले होते. "काय रे हे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही गं, काशा वर आला." आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.