बरडाचा पडदा

अमळनेरला माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत काश्मीर होतं. पडद्यावर बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात शिकारा. ऐंशीच्या दशकात आमच्याकडची कितीतरी लग्नं त्या पडद्यापुढच्या फोटोंवर जमली. मुलगी घामाने निथळतेय आणि मागे हिमालय, तरी कोणाला त्यात काही वावगं दिसत नसे. शेवटी उंदरांनी शिकारा कुरतडला.

चित्रकलेच्या परीक्षा पास झालेली घरात मी एकटीच. काकांनी मांजरपाट आणला आणि म्हणाले, "नवं काश्मीर काढ."

मी काश्मीर बघितलं नव्हतं. काकांनीही नव्हतं, पण त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. मी बघितलं होतं ते बोरी नदीपलीकडचं बरड, मुरमाड, कुणाच्या कामाचं नसलेलं रान. लोक सरपणाला तिथल्या बाभळी छाटून नेतात, शेळ्या बोरी ओरबाडतात, उन्हाळ्यात वणवा लागतो, आणि तरी पुढच्या फाल्गुनात पळस ठरल्यासारखा फुलतो. त्याला पाणी कोणी घालत नाही, कौतुक तर नाहीच. मला ते रान फार आवडायचं. मांजरपाटाला सरस चोपडून मी तेच काढलं. पुढे तोडलेल्या बुंध्यातून फुटलेली बाभूळ, मागे पळस, वर पांढरटलेलं आभाळ.

काका बघतच राहिले. "अगं, लोक इथे वावर विसरायला येतात, आणि तू त्यांच्या पाठीमागे वावर उभं करतेस?"

काकांचं बरोबर निघालं, याचाच मला राग आला. पहिलंच गिऱ्हाईक टोपी सारखी करत पडद्यापुढे बसलं आणि मागे वळून बघताच उठलं. "हाई बठ्ठं आमना बांधवर शे. यानासाठे अमळनेरले कसाले येऊत?" काकांनी माझं रान गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं आणि काश्मीरला ठिगळ लावलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आमच्याकडे तर ते उंदरांनी खाल्लेलेही साजरे.

मग माझ्या लग्नाचं निघालं. फोटो माझ्याच पडद्यापुढे काढायचा, असा मी हट्ट धरला. ज्या घरात जन्म काढायचा, त्यांना मला काय येतं ते आधी दिसू दे, एवढंच माझं म्हणणं. काकांनी कपाळाला हात लावला आणि मग बटण दाबलं. मागचं चित्र जरा पुसट आलं, त्यामुळे अगदी खरं वाटत होतं. फोटो धुळ्याकडच्या एका स्थळाला गेला आणि आठवड्याभरात मंडळी दारात हजर.

मुलाच्या वडिलांना सगळे नाना म्हणत होते. नानांनी पोहे खाताखाता खिशातून फोटो काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. इतक्या बारकाईने माझं चित्र कोणी बघितलं नव्हतं. आता विचारतील, कोणी काढलं म्हणून.

"हाई वावर कितलं शे?" नानांनी विचारलं.

माझ्या वडिलांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "आहे की, बरंच आहे."

"मंग पडीत का ठेयेल शे? साफ कराले जोयजे." आणि नाना बोलत सुटले. विहीर कुठे खणायची, केळी कुठे लावायची. पाहता पाहता माझ्या बाभळी मुळासकट गेल्या, पळस गेला. मग त्यांनी हळूच मुद्द्याला हात घातला. "पोरना नाववर शे का?"

गप्प बस, असं वडील डोळ्यांनी सांगत होते. मला मात्र राहवलं नाही.

"माझंच आहे, नाना," मी म्हणाले. "मांजरपाटावर रंगवलंय. पाहिजे तर आत्ता गुंडाळून देते."

पोहे मात्र नानांनी संपवले. उठताना म्हणाले, "पोर आगाऊ शे."

दुसरा फोटो काश्मीरपुढे निघाला. शिकाऱ्याचं ठिगळ झाकलं जाईल, अशा बेताने काकांनी मला उभं केलं. जळगावच्या स्थळाने त्या फोटोवरच होकार कळवला. मागचं तळं कोणाच्या नावावर आहे, हे त्यांनी विचारलं नाही. पुढे उभ्या असलेल्या मुलीला काय येतं, हेही विचारलं नाही. अजूनही कोणी विचारलेलं नाही.