चौदा दिवसांचे आमंत्रण

मी किन्हवली सोडली त्या दिवशी शेतात भाताच्या रोपांची आवणी चालू होती. माझा थोरला भाऊ, दादा, खाचरातून तसाच वर आला. पोटऱ्यांवरचा चिखल त्याने धुतला नाही. माझी लोखंडी ट्रंक खांद्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्यापुढे चालत गेला. आई दारातच थांबली. "पोचल्याबरोबर कागद टाक," एवढेच ती म्हणाली. शहापूरला गाडी बदलून आम्ही आसनगावला उतरलो. दादाने ट्रंक डब्यात चढवली आणि तो खिडकीपाशी आला.

"भात खातात का रे तिकडं?"

मला ठाऊक नव्हते. "बघून कळवतो," मी म्हणालो. गाडी सुटली. त्याला उजेड आहे तोवर परत खाचरात उतरायचे होते, त्यामुळे तो हात हलवत उभा राहिला नाही.

या गोष्टीला पंचेचाळीस वर्षे झाली. आता शहापूर-मुरबाडकडची मुले स्वीडनला शिकायला येतात. कोणीतरी त्यांना माझा नंबर देतो आणि ती विचारतात, तयारी काय करावी. कपड्यांची व कागदपत्रांची यादी त्यांना कोठेही मिळेल. मी लिहितो आहे ते निराळ्या कारणासाठी. माझा भाऊ माझ्या घरी कधीच आला नाही. तो येणार होता. दोष माझा आहे. तो कसा घडला, हे जाणाऱ्यांनी वाचावे आणि मागे राहिलेल्यांनीही.

माझी तयारी दादानेच केली. मी वनखात्यात लहानशा हुद्द्यावर होतो. तिकडच्या वनशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी मला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा घरात स्वीडन हा देश नकाशावर दाखवू शकेल असा मी एकटाच होतो. दादाने उल्हासनगरहून एक जाडजूड लोकरी कोट आणला आणि ऐन वैशाखात, ओट्यावर, सर्वांदेखत मला तो घालून उभे केले. शेजारचा काशिनाथ ओरडला, "अगो बाय, अस्वल आलं माहुलीच्या डोंगरावरनं!" मुले पळाली. आई हसली नाही. तिने कोटाची शिवण उलटून पाहिली आणि बटणे पुन्हा घट्ट शिवून दिली. तो कोट तिकडच्या पहिल्याच नोव्हेंबरात निरुपयोगी ठरला. मी ते कोणाला कळवले नाही.

भाताचे मात्र कळवले. तिथे तांदूळ भोके पाडलेल्या पिशवीत घालून, पिशवीसकट पाण्यात उकळतात. दादाने ते पत्र म्हणे बाजारपेठेत चार ठिकाणी वाचून दाखवले.

पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी मी वर्गमित्राच्या घरी गेलो. न कळवता गेलो. आपल्याकडे कोण कळवतो? घरची मंडळी जेवायला बसत होती. मित्राने मला त्याच्या खोलीत बसवले, हाती पुस्तक दिले आणि तो जेवायला निघून गेला. अर्धा तास मी उकडलेल्या बटाट्यांचा वास घेत बसलो. त्यात अपमान नव्हता, हे मला फार पुढे समजले. माझे जेवण माझ्या घरी शिजले असेल, ते वाया जाऊ नये, असा त्यांचा विचार होता. त्या दिवशी मात्र मी चार किलोमीटर बर्फातून चालत परतलो आणि ठरवले की पुन्हा कोणाच्या दारात असा उभा राहणार नाही.

मी शिकलो. इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामायिक खोली असते. तिथल्या फळ्यावर आपली वेळ आधी लावायची आणि ती मिनिटभरही ओलांडायची नाही. एकदा मी दहा मिनिटे उशीर केला, तर यंत्रावर चिठ्ठी चिकटवलेली होती. अत्यंत सभ्य भाषेत. तसा उशीर मी पुन्हा केला नाही. कोणी जेवायला बोलावले तर सहाला पोहोचायचे आणि नऊला उठायचे. पाहुण्याने येतानाच जाण्याची वेळ सांगावी. त्याने यजमान निर्धास्त होतो. मी नोकरीला लागलो, तिथल्याच मुलीशी लग्न केले, रोजनिशीशिवाय घराबाहेर पडेनासा झालो. सहकारी म्हणत, तुम्ही अगदी आमच्यासारखे झालात. मला त्याचा अभिमान वाटे.

मी निवृत्त झालो त्या वर्षी दादाने फोन केला. कसाऱ्याचा घाट त्याने आयुष्यात दोनदाच चढला होता. पण त्याने ठाण्याला तीन खेटे घालून पासपोर्ट काढला होता.

"तुझी झाडं बघायचीत रे सदा. जन्मभर कागदातनंच वाचली."

मला आनंद झाला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचे वाचून कोणाला ते खरे वाटणार नाही.

व्हिसासाठी यजमानाला आमंत्रणाचा अर्ज भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो: पाहुणा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहील. पत्नी म्हणाली, दोन महिने लिही, एवढ्या लांबून येतात. मी रोजनिशी उघडली. दादा मोठ्याने बोलतो. पहाटे उठून खाकरतो. खालच्या मजल्यावरची बाई दारावर चिठ्ठी लावील. हे सारे माझ्या मनात आले, आणि मी चौदा दिवस लिहिले. गावात लोक माझ्या पत्नीला बोल लावतात. ती परकी, म्हणून ते सोपे जाते. आता ती हयात नाही. चौदा हा आकडा माझा होता.

तो इंग्रजी कागद पोहोचल्यावर दादाने शहापूरला एकाकडून तो वाचून घेतला आणि मला फोन लावला.

"ह्यात चौदा दिस लिवलंत. बरोबर हाय ना?"

"हो दादा. तारीख द्यावीच लागते."

"तसं नाय, इचारलं." तो हसला. "तेरावं घालून वर एक दिस उरंल म्हणायचा."

मी नियम समजावू लागलो. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "कापणीला गडी आणतो ना, त्यालाबी आमी जायाचा दिस सांगत नाय रे. तू भावाला सांगितलास." त्याच्या आवाजात राग नव्हता. 

त्या वर्षी त्याचे गुडघे दुखू लागले. पुढच्या वर्षी वहिनीला बरे नव्हते. मी दुसरा अर्ज पाठवला, तीन महिन्यांचा. त्याला उत्तर आले नाही. पासपोर्ट कोराच राहिला आणि त्याची मुदत संपली.

दोन वर्षांपूर्वी मी किन्हवलीला गेलो. दादाने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली होती. पाण्याची बंद बाटली उशाशी होती. 

आठव्या दिवशी वहिनीचा भाऊ मुरबाडहून आला आणि तासाभरात निघू लागला. वहिनीने त्याच्या मोटारसायकलची चावी तांदळाच्या डब्यात लपवली.

"ताई, चावी दे गो! म्हशींच्या धारा काढायच्यात."

"तुझ्या म्हशी काय तुझ्या नावानं रडत नाय."

"दाजी, सांगा ना हिला!"

दादाने त्याची पिशवी उचलून आत नेऊन टाकली. "जेवल्याबिगर उठलास तर बघ. आनी आज वार बी बरा नाय. उद्या जा." मेव्हणा शिव्या देत राहिला, जेवला, झोपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच होता. आमच्या भागात पाहुण्याला असेच अडवतात. पाहुण्यालाही ते ठाऊक असते; तो थोडा लवकरच निघायला उठतो.

त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी मलाही निघायचे होते. मी बॅग ओट्यावर आणून ठेवली आणि आत आंघोळीला गेलो. तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ काढला. बाहेर आलो तेव्हा बॅग होती तिथेच होती. वहिनीने पापडांचा डबा तिच्या शेजारी ठेवला होता. दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"सदा, टाइम होत आला. रिक्षा साडेनवाला सांगितलीय."

मुलांनो, तुम्ही मला विचारता, तिकडे घरासारखे वाटते का. वाटते. तिथे माझी खोली आहे, दारावर माझे नाव आहे, माझी वेळ मला पाळता येते. परंतु ज्या दारातून निघताना आपली पिशवी कोणीतरी आत नेऊन टाकते, त्याला मी घर म्हणतो, आणि तसे दार मला आता कोठेही नाही.

रिक्षा साडेनऊला आली. मी पाच मिनिटे आधीच तयार होतो.