भाकड सर्व्हर

नेकनूरजवळच्या एका खासगी डेअरीच्या चिलिंग सेंटरवर मी कॉम्प्युटरचं काम बघायचे. आसपासच्या गावांतून सकाळ-संध्याकाळ दूध यायचं. काट्यावर कॅन चढायचा, शेजारच्या खोलीत फॅट लागायची आणि दूध घालणाऱ्याच्या हातात पावती पडायची. हे सगळं ऑफिसातल्या एका सर्व्हरवर चालायचं. तो बसला की काटा आंधळा.

म्हणून मी स्टोअररूममधला एक जुना कॉम्प्युटर मागून घेतला, झाडूनपुसून त्याची मेमरी वाढवली आणि तिथंच दुसरा सर्व्हर उभा केला. मुख्य मशीन बंद पडलं तर त्याचा बॅकअप याच्यावर उतरवायचा आणि याला लगेच कामाला जुंपायचं, असा बेत होता. एरवी तो नुसता घरघरत बसायचा. फॅट तपासणाऱ्या ताई माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आणि जिभेनं तिखट. त्यांनी त्याचं नाव भाकड ठेवलं.

"लाईट खाती, दूध काय देती गं?" त्या विचारायच्या. मलाही हसू यायचं.

मॅनेजर साहेबांना मात्र ते मशीन हिशेबाच्या टेबलावर हवं होतं.

"बॅकअप रोज होतोय न्हवं, मॅडम?"

"होतोय, साहेब. पण तो उघडतो का, हे कुणी बघितलंय?"

"कावून न्हाई उघडणार?"

"बघूया की. बाजाराच्या दिवशी दुपारी या."

ते आले. सकाळचं दूध आटोपलं होतं, संध्याकाळचं यायला अवकाश होता. मी मुख्य सर्व्हरची केबल काढली आणि रात्रीचा बॅकअप भाकडवर चढवला. गावांची नावं आली, दूध घालणाऱ्यांची नावं आली. साहेब खुर्चीतून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "आमच्या घरचं दूध काढ बरं."

मी त्यांच्या घरचा नंबर टाकला. कालचं दूध नाही. परवाचं नाही. मागं मागं जात राहिले, तर उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत सगळं कोरं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. तेव्हाच नवीन काटा बसला होता आणि सॉफ्टवेअरवाल्यानं त्याच्या नोंदी वेगळ्या जागी ठेवल्या होत्या. बॅकअप मात्र जुन्याच जागेचा होत होता. रोज रात्री, न चुकता, 'यशस्वी' असा हिरवा शेरा मारून.

"म्हंजे इतके दिवस आपण रिकामा कॅन राखत बसलो होतो?" साहेब म्हणाले.

"रिकामा न्हाई, साहेब," ताई म्हणाल्या. "नासकं दूध."

मला भीती वाटायला हवी होती, पण मला भलताच आनंद झाला. मुख्य मशीन अजून धडधाकट होतं, सगळ्या नोंदी जागेवर होत्या आणि चूक आम्हाला आधी सापडली होती! जाताना साहेब दारात थांबले. "ऱ्हाऊ द्या ते मशीन तुमच्याकडंच," एवढंच म्हणाले.

मग मी मागंच लागले. बॅकअपमध्ये सगळ्या जागा धरल्या. रात्रीची नक्कल आपोआप भाकडवर उतरायची सोय केली आणि दूध चालू असताना नव्या नोंदी थोड्याथोड्या वेळानं तिकडं जातील असं बघितलं. त्याची बॅटरी वेगळी केली. दर बाजाराला तालीम ठरली. एकदा प्रिंटर ओळखच दाखवेना. एकदा माझ्या लक्षात आलं की पासवर्ड फक्त मलाच माहीत आहे. मग ताईंना सगळं शिकवलं. पुढच्या तालमीला मी मुद्दाम चहाला गेले. त्यांनी एकटीनं भाकड चालू केली आणि बाहेर येऊन माझ्याकडं बघत पदर खोचला.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऊसतोडीहून माणसं परतली होती, म्हणून रांग लांबली होती. मोटरसायकलींना दोन्ही बाजूंनी कॅन, मागं पिकअप, फाटकाशी टँकर उभा. लाईट गेली आणि आली ती भडकूनच. ट्यूब लख्ख पांढऱ्या झाल्या, पंखा भिरभिरला आणि ऑफिसातून फट् असा आवाज झाला. मी धावले. जळका वास सुटला होता. सर्व्हर गेला होता.

रांगेत गलका उठला. "ओ मॅडम, कावून थांबवलं? ऊन लई हाय, दूध नासंल!"

साहेबांनी मेन स्विच पाडला आणि जनरेटर सुरू झाला. ताई आणि मी स्टोअररूमकडं वळलो. भाकड आपल्या बॅटरीवर शांत घरघरत होती. मी काट्याला भाकडचा पत्ता दिला, ताईंनी प्रिंटर जोडला. फक्त शेवटच्या काही नोंदी आल्या नव्हत्या. पण ती माणसं पावत्या हातात धरून अजून आवारातच होती. साहेबांनी स्वतः बाहेर जाऊन त्यांना हाका मारल्या आणि आम्ही त्या नोंदी परत घातल्या. मग रांगेतल्या पुढच्या म्हातारीचा कॅन काट्यावर चढला. वजन आलं, फॅट आली. प्रिंटर कुरकुरला आणि पावती बाहेर सरकली.

"भाकड व्याली गं!" ताई ओरडल्या.

सगळं आवार हसलं. म्हातारीला काही कळलं नाही, ती पावती डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "माजीच हाय न्हवं?"

"तुमचीच, आजी!" मी म्हणाले आणि पुढच्या कॅनला हात घातला.

एकही कॅन परत गेला नाही. टँकर वेळेवर फाटकाबाहेर पडला. साहेबांनी सेंटरवरच खवा आटवायला लावला, सगळ्यांना गरम गरम पेढे वाटले आणि पहिला ताईंना दिला. मी लगेच नव्या मशीनची मागणी केली, कारण भाकड आता मुख्य झाली होती आणि तिच्या मागं कुणीच नव्हतं. या वेळी साहेबांनी 'कावून' विचारलं नाही.

नंतर डेअरीनं मला सिरसाळ्याच्या सेंटरवर पाठवलं. तिथला ऑपरेटर छाती फुगवून म्हणाला, "आमचा बॅकअप रोज होतो, मॅडम. काळजीच न्हाई."

"छान," मी म्हणाले, खुर्ची ओढून बसले आणि त्यालाच केबल काढायला सांगितली.